भरडखोलच्या टेकडीवर ससाण्यांची मोजदाद

माणगावला एसटीतून उतरताक्षणी वन्संनी आभाळाकडे बोट दाखवलं. "एक!"

ती घार होती. "वन्सं, ही लांबून आलेली नाही. समोरच्या चिकनच्या दुकानावरची आहे," मी म्हटलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू नुकतेच काढलेले. नव्या डोळ्यांनी काहीतरी लांबचं बघायचंय, असा हट्ट धरून त्यांनी पक्षीमित्रांच्या मोजणीत आम्हा दोघींची नावं घातली होती. दिवाळीनंतर उत्तरेकडून येणारे ससाणे, भोवत्या असे शिकारी पक्षी या किनाऱ्यावरून जातात, ते मोजायचे. आमच्या वाट्याला भरडखोलची टेकडी आली.

बोर्ली पंचतनपर्यंत दुतर्फा कापलेल्या भाताचे भारे पडले होते. पुढे रिक्षात वाळत्या बोंबलांचा वास शिरला आणि पुण्याच्या वन्संनी नाकाला पदर लावला. दुपारी त्याच बोंबलांच्या कालवणाशी तांदळाच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या, तेव्हा पदर जागेवर आला.

पहिल्या दिवशी आम्ही घारी मोजत बसलो. एक गेली, दुसरी आली, तिसरी आली. संध्याकाळी वन्सं पुटपुटल्या, "मीना, हिच्या डाव्या पंखात एक पीस कमी आहे. मघाच्या सगळ्यांच्याच कमी होतं गं!" दिवसभर एकच घार आम्हाला फेऱ्या घालत होती. हसता हसता माझी पाण्याची बाटली गडगडत खाली गेली, ती थेट जनाबाईंच्या सुकटीत. जनाबाई कोळीण खालच्या खळ्यावर सुकट राखत होत्या. बाटली घेऊन त्या वर आल्या.

"काय गो बायांनो, आभालात काय शोधताव?"

"ससाणे. रशिया-चीनकडून येतात, आफ्रिकेला जातात."

"मंग तुमच्याकरं कशाला येतील?" त्या म्हणाल्या आणि आमच्याजवळच बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी चतुर आले, ढगासारखे. त्यांच्यामागून टेकडीच्या पाठीवरून एक ठिपका वर आला, मग दहा, मग मोजता येईनात इतके. अमूर ससाणे! राखाडी, लालचुटूक पायांचे. गरगरत वर चढायचे, उडता उडताच चतुर पकडून खायचे आणि समुद्राकडे सुटायचे. वन्संनी दुर्बीण माझ्या अंगावर टाकली. "नको मला! नुसत्या डोळ्यांनी पाय दिसतायत गं, पाय! दोन वर्षं मी कावळासुद्धा आवाजावरून ओळखत होते." त्या रडत होत्या, हसत होत्या आणि मोजत होत्या. मी दहादहांनी मोजत होते. जनाबाई मासळीसारख्या कोडीने (वीस नगांनी) मोजत ओरडत होत्या, "येक कोरी, दोन कोरी, आगो थांबा रं जरा!" मधला थवा नक्की कुणी मोजला यावरून तिघींची जुंपली.

मोजणीच्या प्रमुखांचा फोन आला. "किती झाले?"

"पुष्कळ!" वन्सं किंचाळल्या.

"ताई, आकडा हवा."

शेवटी तिघींच्या आकड्यांतला सगळ्यात लहान आकडा कळवला. जनाबाईंना ते मुळीच पटलं नाही. "येवढी पाखरं फुकट घालवली," असं त्या टेकडी उतरेपर्यंत बडबडत होत्या.

या सगळ्यात आमची बोर्लीहून दुपारी सुटणारी शेवटची एसटी चुकली. जनाबाईंच्या भाच्याचा सुक्या मासळीचा टेम्पो माणगावच्या बाजाराला निघाला होता. मांडीवर बोंबलांच्या टोपल्या घेऊन आम्ही पुढे बसलो आणि प्रत्येक खड्ड्याला उगाच हसलो.

माणगावला चहा पिताना वन्संनी एकदम कप खाली ठेवला. "मीना, आता त्यांना पार आफ्रिकेपर्यंत टेकायला फांदीसुद्धा नाही ना गं?"

"नाही. खाली नुसतं पाणी."

पुण्याला दार उघडताच माझ्या नवऱ्याने नाक दाबलं आणि तो दोन पावलं मागे सरला. मी चपला काढून खुर्चीत टेकले. नुसतं टेकता येणं ही केवढी चैन असते, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. वन्सं मात्र बसायला तयार नव्हत्या. दिवाणखान्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून त्या गरगर फिरत होत्या, भावाला ससाणा दाखवत होत्या.