माणूस पोहोचेपर्यंत केर काढत नाहीत

घरातलं माणूस गावाला निघालं की त्याच्या पाठीमागे लगेच केर काढत नाहीत. आमच्याकडे बऱ्याच घरी हे पाळतात. कुणी तासभर, कुणी गाडी नजरेआड होईस्तोवर. अमळनेरच्या सुंदरबाई मात्र माणूस पोहोचल्याचं कळेपर्यंत झाडूला हात लावत नसत. माणूस गेल्यावरही त्याची पावलं काही वेळ घरात असतात, ती आपण पुसायची नसतात, असं त्या म्हणायच्या.

त्यांचे यजमान झुलालआबा तेलाच्या मिलमधून गुरांच्या ढेपेचा ट्रक घेऊन गुजरातेत जात. तेव्हा घरी फोन नव्हता. परतीच्या गाडीचा एखादा ड्रायव्हर रस्त्यातूनच ओरडायचा, "वहिनी, झुलालभाऊ पोचला सुरतेला!" मग त्या पदर खोचून झाडायला घेत. तोवर चुलीपाशी राख साचलेली असे, तळव्यांना धूळ लागे. त्या तिच्यातून निवांत वावरत.

पुढे मुलगा राजदीप जर्मनीत नोकरीला लागला. विमानाची एक गोष्ट सुंदरबाईंना आवडली. तिथे फोन बंद ठेवतात. फोन लागत नाही तोवर पोरगा वर आहे. फोन वाजला म्हणजे खाली उतरला. ड्रायव्हरची वाट पाहण्यापेक्षा हे सोपं होतं.

गेल्या श्रावणात राजदीप आला, पण सुट्टी आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाच्या आदल्याच दिवशी संपली. रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू घेतात. त्याच्या नावाचे गहू घेतले गेले आणि शनिवारी तो निघाला.

रविवारी दुपारी कानबाई बसवायची होती. चौरंग पुसून ठेवलेला, पुरण शिजत आलेलं, आणि घर पारोसं. विमान मुंबईतच रखडून उशिरा सुटलं होतं. धाकटी जाऊ बेबाबाई दोनदा झाडू घेऊन आली. दोनदा सुंदरबाईंनी तो काढून घेतला.

"अक्का, देवीले धुळमा बसाडशी का?"

"पोऱ्याले पोचू दे."

"आते गाणा म्हणाले बाया येतीन. त्यासले काय सांगू? पोऱ्या ढगमा शे, तुम्ही ओटावर बठा?"

"तसंच सांग."

तेवढ्यात फोन वाजला. राजदीपचा. सुंदरबाईंचा चेहरा सैलावला. फोन स्पीकरवर टाकून त्यांनी फळीवर ठेवला आणि झाडू घेतला.

"आई, जेवलीस का?"

"जेवणाले टाइम कोठे शे? तू बोल."

तो बोलत राहिला, त्या झाडत राहिल्या. ओसरी झाली, मधलं घर झालं, देवीची जागा झाली. केर सुपात भरून त्या दाराशी आल्या, तेव्हा तो म्हणाला, "खाली काय ढग दिसताहेत, आई! कापूस पिंजल्यासारखे."

सुंदरबाई थांबल्या. "कोठे शे तू?"

"विमानातच. आता विमानात फोन वापरू देतात ना. म्हटलं, आधीच आवाज ऐकला की तुझी काळजी मिटेल. आता उतरायला लागलंय, मध्येच कट होईल—"

आवाज गेला. सुंदरबाईंनी उलट फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

"बोलना ना तो? आते काय राहिनं?" बेबाबाई म्हणाली.

"त्याना पाय जमीनले लागना का?"

सूप घेऊन त्या घरात परतल्या आणि मुठीमुठीने सगळा केर होता तसा पसरू लागल्या. ओसरीत, मधल्या घरात, चौरंगाच्या जागेवरही. गाणी म्हणणाऱ्या बाया नेमक्या तेव्हाच दारात आल्या. पुढची मंदाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"सणना दिन कचरा पेरी राहिनी का वं, सुंदर?"

"पेरते. उगवला की तुले बी देसू."

बाया हसल्या. सुंदरबाई हसल्या नाहीत. खाटेवरून झुलालआबा म्हणाले, "थांबा जराशा. कानबाई बी माहेरलेच येस. वाट कशी पाहतस, तिले माहीत शे."

मग पहिलं गाणं ओट्यावरच झालं. सुंदरबाई उंबऱ्याच्या आत, फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ओठ गाण्याबरोबर हलत होते, आवाज निघत नव्हता. स्वयंपाकघरात पुरण खाली लागल्याचा वास आला, तरी त्या उठल्या नाहीत.

फोन वाजला.

"आई, उतरलो. बॅगेची वाट बघतोय."

"पायखाले काय शे?"

"काय म्हणजे? फरशी."

"विमाननी का गावनी?"

"गावाची, आई. गावाची."

त्यांनी दुसऱ्यांदा घर झाडलं, पाणी शिंपडलं, रांगोळी घातली. कानबाई उशिरा बसली. पुरणाला किंचित करपट वास होता. बायांनी मागून मागून खाल्लं.

राजदीप आताही विमानातून फोन करतो. सुंदरबाई उचलतात, ढग कसे आहेत ते विचारतात, जेवण काय दिलं ते विचारतात. बोलणं संपतं आणि झाडू दाराआड तसाच राहतो. दुसरा फोन येतो तेव्हा त्या आधी फरशीचं विचारतात.