इर्जिकीचं बोलावणं

पौडला गावच्या पुढाऱ्यांचा वर्ग भरणार असल्याचा निरोप भरे गावात आला, तेव्हा हरभऱ्याची काढणी चालली होती आणि कुणालाही चार दिवस बाहेर राहायला सवड नव्हती. देवळापुढे बसून बराच खल झाला. शेवटी पाटील म्हणाले, पावण्यालाच धाडा की, त्याचं काय अडलंय. सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून माझा जळफळाट झाला. त्या गावात येऊन मला दोन वर्षं होत आली होती. घर होतं, रान होतं, बैलजोडी होती, आणि तरी मी सगळ्यांच्या तोंडी पावणाच होतो.

माझं मूळ गाव वर खोऱ्यात होतं. धरण झालं आणि ते पाण्यात गेलं. त्याबद्दल तेव्हा पुष्कळ बोलणं, भांडणं, मिरवणुका झाल्या, त्या इथे सांगत नाही. मला सांगायचंय ते त्यानंतरचं. मोबदल्यात जे हाती आलं त्यातून मी भऱ्याच्या शिवेला माळाचं एक रान घेतलं. माझे भाऊबंद कुणी कोकणात उतरले, कुणी पुण्याच्या बाजूला गेले. एका चुलीवर भाकऱ्या खाल्लेली माणसं अशी पांगली, की कुणाच्या घरी काय चाललंय ते कळायला लग्नाची किंवा मयताची बातमी यावी लागे.

वर्ग शाळेत भरला होता. शिकवायला पुण्याहून एक मास्तर आले होते. काळा कोट, पांढरं धोतर, गळ्याभोवती मफलर, आणि बोलणं इतकं गोड की रागावले तरी माणसाला कळू नये. पहिल्या दिवशी हजेरी घेताना प्रत्येकाने उभं राहून गावाचं नाव सांगायचं होतं. माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून जुन्या गावाचं नाव गेलं. मास्तरांनी कागद वरखाली पाहिला. मागून कुणीतरी म्हणालं, ते गाव आता नाही. मास्तर ओशाळले, मी त्यांच्याहून जास्त ओशाळलो. मग मी "भरे" म्हणालो आणि खाली बसलो. दिवसभर कान गरम होते.

बाकीचे दोघे-दोघे, तिघे-तिघे मिळून आले होते. चांद्याचे चांदेकरांत, पिरंगुटचे पिरंगुटकरांत. जेवायला बसताना, विहिरीवर हात धुताना, ओसरीत पथाऱ्या टाकताना ज्याची त्याची माणसं ठरलेली. मी आपला कडेला. कुणी मला वाईट वागवलं असं नाही. उलट तंबाखू पुढे करीत, हालहवाल विचारीत. पण एकदा गप्पा त्यांच्या गावच्या बैलांवर, भांडणांवर, सोयरिकींवर गेल्या की माझ्याकडे बोलायला काही उरत नसे. मला फार एकटं वाटे. आणि एकटं वाटलं की माझा स्वभाव तिरका होतो, हे बायकोला विचारलंत तर तीही सांगेल.

मास्तर मन लावून शिकवीत. शेणखताचा खड्डा कुठे करावा, विहिरीत लाल औषध कसं टाकावं, भावकीचं भांडण कचेरीत जाण्याआधी कसं मिटवावं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सहकार काढला. माणसांनी एकमेकांची कामं मिळून करावीत, हे फार मोठं तत्त्व आहे, विलायतेतही त्याचा अभ्यास होतो, वगैरे. मग त्यांनी विचारलं की तुमच्या गावांत असं काही चालतं का. शाळेत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या घरात असेल, असं कुणाला वाटतच नाही. मला मात्र राहवलं नाही. मी उभा राहून म्हणालो, इर्जिक घालतात की.

मग मी इर्जिकीबद्दल सांगितलं. एकाचं रान मोठं, नाहीतर जड, त्याच्या एका जोडीने उरकायचं नाही. तेव्हा सगळं गाव आपापले नांगर-बैल घेऊन येतं, भलरीची गाणी म्हणत एका दिवसात रान उलथून देतं, आणि ज्याचं रान तो सगळ्यांना पोटभर जेवू घालतो. मजुरी नाही, उपकार नाही. उद्या दुसऱ्याकडे. हे तर सगळ्यांनाच ठाऊक, म्हणून मागची मंडळी हसायला लागली. पण मास्तर खुलले. शेवटच्या दिवशी व्याख्यान नको, सगळ्यांनी मिळून एक इर्जिकच घालू, म्हणाले. कुणाच्या रानात?

मी हात वर केला. इतक्या घाईने, की माझं मलाच हसू आलं. माझं माळाचं रान हरळीने भरून पडलं होतं, ते खरं. पण माझ्या मनात दुसरंच होतं. पौडाहून इतकी माणसं, गाड्या, नांगर माझ्या बांधावर आलेले दिसले की गाव घरात बसून राहील होय? तेही नांगर घेऊन उतरतील. एकदा माझ्या रानात त्यांचा घाम पडला आणि माझ्या दारात त्यांनी जेवण केलं, की मग मला पावणा कोण म्हणणार?

तयारीसाठी मास्तरांनी मला आदल्या दिवशी दुपारीच सोडलं. निघताना म्हणाले, "गावाला सांगून ठेवा हं."

मी ताठ्याने म्हणालो, "इर्जिकीला गावाला सांगावं लागत न्हाई, मास्तर."

आमच्या खोऱ्यात लागतच नसे. इर्जिक घालायची असली की आदल्या सांजेला घरधनी आपलं जू हळद लावून रात्रभर देवळाच्या पायरीवर आडवं ठेवी. येणारा-जाणारा ते बघे, घरी जाऊन सांगे, आणि सकाळी गाव हजर. कुणाच्या दारात जाऊन ये म्हणणं हा तिथे अपमान होता. माझ्या चुलत्याच्या दारात एकदा कुणी नवखा जावई असा गेला होता, तर चुलता म्हणाला, मी येणार न्हाई असं वाटलं का तुला? मी त्या रीतीत वाढलो. तेव्हा मी भऱ्याला पोचल्यावर जू उतरवलं, हळद लावली आणि मारुतीच्या पायरीवर नेऊन ठेवलं. बायको म्हणाली, इथली रीत काय आहे ती विचारून तरी बघा कुणाला. मी तिच्यावर खेकसलो. इर्जिक ती इर्जिक, तिची रीत गावागणिक बदलते होय?

दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईतो पौडाहून गाड्या आल्या. जवळच्या गावच्या लोकांनी घरून नांगर आणले होते. जोड्या जुंपल्या, नांगराचं पहिलं तास निघालं, भलरी सुरू झाली. परकी माणसं, पण रानात उतरल्यावर अशी राबली की मला भरून आलं. गावातली माणसंही आली. मी पाहिलं, पाटील आले, शेजारचे मामा आले, धनगरवाड्यावरचे दोघे-तिघे आले. हात हलवीत आले आणि बांधावर बाभळीखाली बसले.

कुणाकडेही बैल नव्हते. मला वाटलं, मागून येतील. एक तास झालं, दुसरं झालं. ते बसलेलेच. तंबाखू मळताहेत, माझ्याकडे बघताहेत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तमाशा बघायला आलेत, असंच मी धरून चाललो. नांगर धरून मी त्यांच्या अगदी पुढून वळण घ्यायचो आणि मान मुद्दाम दुसरीकडे करायचो. मास्तरांनी विचारलं, यांतले तुमच्या गावचे कोणते? मी हाताने बांधाकडे दाखवलं. मास्तरांनी चष्मा पुसला.

दुपार कलली तसं रान संपलं. जेवणं झाली. बायकोने गावाच्या मापाने रांधलं होतं. पाहुणे जेवून उठले तरी भाताचं पातेलं निम्मंही झालं नव्हतं. बांधावरची माणसं केव्हा उठून गेली ते मी बघितलं नाही. मास्तरांनी चार शब्द सांगितले, एकजुटीने काय होतं ते पाहा म्हणाले. मग गाड्या वळल्या, चांद्याचे चांद्याला, पिरंगुटचे पिरंगुटला. जो तो आपल्या गावाला निघाला आणि मी माझ्या नांगरलेल्या रानात उभा राहिलो. इतकं सुनं मला आमचं गाव सोडतानासुद्धा वाटलं नव्हतं. तेव्हा निदान सगळे बरोबर रडत होते.

सांज व्हायच्या आधी बैल पाण्यावर न्यायला मी निघालो. वाट शेजारच्या मामांच्या अंगणातून जाते. मान खाली घालून जायचं ठरवलं होतं, पण अंगणात पाय टाकला आणि थांबलो. मामांची जोडी जू मानेवर घेऊन उभी होती. शिंगं रंगवलेली, त्यांना लाल गोंडे. नांगर शेजारी, फाळ घासूनपुसून लखलखीत. मामा एका बैलाचे गोंडे सोडत होते.

मी विचारलं, "कुटं जायचं व्हतं, मामा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमच्याच रानात, पावनं. सकाळी गाड्या दिसल्या तवापास्नं जुंपून ठिवली हायेत. एकट्या माझीच न्हाई, लई घरची. तुमी हाक द्याल, मंग आणू म्हनून बांधावर येऊन बसलो."

"मी जू ठिवलं व्हतं की देवळात."

"ते व्हय?" मामा म्हणाले. "आमाला वाटलं, नवस फेडलाय. हितं घरधनी दारोदार सुपारी घिऊन येतो. सुपारी न्हाई आली, तर कसं उतरायचं वो दुसऱ्याच्या रानात? तुमाला बाहेरची मानसं आणायची व्हती. आमी नको हाय, आसं धरलं."

मी म्हणालो, "मामा, आता चला."

"आता काय करू यिऊन?" त्यांनी दुसऱ्या बैलाच्या शिंगाला हात घातला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "रान झालं की."

बैलांना पाणी पाजायचं तसंच राहिलं. त्यांना घेऊन मी परत रानात गेलो आणि कडेकडेने चालत सगळं रान बघितलं. बांधालगत, बाभळीखाली, ओढ्याच्या वळणावर, कुठे एखादा पट्टा नांगरायचा राहिलाय का. हातभर जरी राहिला असता, तरी मी सुपारी घेऊन घराघरात गेलो असतो. पण वर्गाच्या लोकांनी फार मन लावून काम केलं होतं. कोपरेसुद्धा सोडले नव्हते.