कालव्याच्या पायऱ्या

आमच्या वस्तीतल्या बायका नवरात्राआधी कालव्याच्या पायऱ्यांवर गोधड्या धुतात. तिथूनच आता चालण्याचा आणि सायकलींचा रस्ता होणार, कडेला जाळी लागणार. लोकांचं म्हणणं ऐकायला रस्त्याच्या कामाचे साहेब शाळेत आले. पायऱ्यांपाशी जाळीला फाटक ठेवा, एवढंच सांगायला मी भीतभीत उभी राहिले.

दीर म्हणाला, "वैनी, बसा खाली." मग साहेबांना म्हणाला, "आमच्या बायांचं काई म्हणणं न्हाई. त्यांना सायकल कुठं येती?"

सगळे हसले, साहेबसुद्धा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आज रस्त्यासाठी आखलेल्या पांढऱ्या फक्कीच्या रेघांवरच मी ओल्या गोधड्या पसरल्या. दीर धावत आला. "वैनी, उचला! साहेब यायलेत."

"येऊ द्या," मी म्हणाले. "मला त्यांच्याशीच बोलायचंय."