रत्नाकाकूंची कोरोनेट आणि सत्तरचा वेग

रत्नाकाकू मोहिते ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये आमच्या समोरच्या घरात राहतात. मूळच्या सांगलीच्या. तिथेच मेकॅनिकल शिकल्या. वर्गात मुलगी एकटीच. ह्यूस्टनला आल्यावर निवृत्त होईपर्यंत गॅस पाइपलाइनवरच्या कॉम्प्रेसरांची थरथर तपासत राहिल्या. यंत्राला कुठे दुखतंय ते शोधायचं, एवढंच त्या आपल्या नोकरीबद्दल सांगतात. उल्हासकाका डोळ्यांचे डॉक्टर. गाडीने वेळेवर पोचवावं, याहून जास्त अपेक्षा त्यांनी गाडीकडून कधी केली नाही.

निवृत्तीनंतर काकूंनी एकोणसत्तर सालची डॉज कोरोनेट घेतली. हिरवीगार, लांबलचक, पुढे भलंथोरलं इंजिन. ह्यूस्टनला नव्या असताना बसची वाट बघत उभ्या असायच्या, तेव्हा अशी एखादी गाडी समोरून गेली की छातीत हादरा बसायचा. तो त्या विसरल्या नव्हत्या.

पण आधीच्या मालकाने ती पाव मैलाच्या शर्यतींसाठी तयार केलेली. सिग्नल सुटला की झेपावायची, हायवेवर मात्र हाल. चाकाचा एक फेरा व्हायला इंजिनाला जवळजवळ चार फेरे घ्यावे लागायचे. ताशी सत्तर मैलांच्या वेगाला इंजिन नुसतं ओरडत राही. सान अँटोनिओच्या पहिल्याच फेरीत दोघांना जाऊन-येऊन एक वाक्य धड बोलता आलं नाही. घरी आल्यावर काकांनी चहा मागितला तोही खुणेने.

रोझेनबर्गचा मेकॅनिक हॉलिस म्हणाला, मागच्या ॲक्सलमधला क्राउन-पिनियन, म्हणजे दातेरी चक्रांची जोडी, बदला. दोन जोड्या मिळण्यासारख्या होत्या : एक पावणेतीनची, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे पावणेतीन फेरे, आणि एक सव्वातीनची. त्याच्या मते पावणेतीनचीच घ्यावी. फेरे कमी, आवाज कमी, पेट्रोलही कमी. मीही इंटरनेटवर शोधून तेच सांगितलं. काकूंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आधी गाडीला विचारू.

रविवारी सकाळी रिकाम्या नव्व्याण्णव नंबरच्या हायवेवर त्यांनी मला शेजारी बसवलं. पन्नासच्या जरा खालपर्यंत गाडी नेली आणि वेग अगदी हळूहळू वाढवत गेल्या. पन्नासला एक्झॉस्टचा घुमारा उठला. काचा, सीट, माझे दात, सगळं घुमायला लागलं. काकूंनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला. वेग आणखी जरा वाढला, सत्तावन्न-अठ्ठावन्न झाला, आणि घुमारा एकदम विरला. इंजिन आधीपेक्षा जोरात फिरत होतं, तरी गाडी शांत.

"कळलं, अमेय? पावणेतीनची बसवली तर सत्तरला इंजिन आत्ताच्या पन्नासइतकंच फिरेल आणि आपण नेमके त्या घुमाऱ्यात अडकू. सव्वातीनने सत्तरला ही आत्ताची शांतता मिळेल. कमी फेरे म्हणजे कमी आवाज, असं प्रत्येक वेळी नसतं."

मी तळहात जिथे त्यांचा होता तिथे ठेवून पाहिला. मला फक्त ऊब लागली.

हॉलिसने सव्वातीनची जोडी बसवली त्या दिवशी आम्ही गॅरेजमध्ये होतो. दात नीट जुळतात का पाहायला त्याने त्यांवर हळदीसारखं पिवळं लुकण लावलं आणि चक्र हाताने फिरवलं. प्रत्येक वळणदार दाताच्या मधोमध बदामाएवढा ठसा उमटला. एकही ठसा कडेला सरकलेला नव्हता. एवढ्याशा जागेतून सगळी ताकद चाकांना मिळणार होती. काकू चष्मा सावरून बराच वेळ वाकून पाहत राहिल्या.

"दात असे भेटतात, हे मी आयुष्यभर आकड्यांत मांडलं," त्या हळूच म्हणाल्या. "भेटलेले आज पाहिले."

हॉलिसने लुकण पुसायला चिंधी उचलली होती. ती हातात धरून तो थांबला.

ऑक्टोबरात त्यांनी पश्चिमेकडे फोर्ट डेव्हिसच्या डोंगरांकडे जायचं ठरवलं आणि मलाही चल म्हणाल्या. मी मागे बसलो. ओझोना गाव मागे पडलं तशी झाडं संपली. चुनखडीचे सपाट माथ्याचे डोंगर दोन्ही बाजूंना दूर सरकले आणि रस्ता आभाळात घुसल्यासारखा सरळ झाला. वेगमर्यादा ऐंशीची होती. ट्रकसुद्धा आम्हाला मागे टाकून जात होते. काकूंचा काटा सत्तरवर. अर्ध्या शतकापूर्वीचं ते इंजिन गाढ झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं चाललं होतं. काचेला लागणारा वारा वेगळा ऐकू येत होता. इतकी मोठी जमीन मी याआधी पाहिली नव्हती; तिच्यावरून इतक्या हलक्या पावलाने जाता येतं, हेही ठाऊक नव्हतं.

दवाखान्याच्या वाटेवर काकांनी कधी बाहेर पाहिलं नसेल, पण आता काचेला कपाळ टेकवून बसले होते.

"रत्ना, फोर्ट डेव्हिस किती लांब?"

"अडीच तास."

"आणि त्याच्या पुढे रस्ता आहे?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. नजर समोरच ठेवून म्हणाल्या, "आहे. हवा तेवढा आहे."

मुक्काम फोर्ट डेव्हिसला दोनच दिवसांचा ठरला होता. आम्ही त्याच्याही पुढे, पार एल पासोपर्यंत गेलो.