आईनं दाखवलेलं वारं

माझ्या आईला वाऱ्यातलं कळतं. हे मी लेक म्हणून कौतुकानं सांगत नाही. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे, तिथं आणि आसपासच्या दोन वाड्यांत हे सगळ्यांना ठाऊक होतं. भात झोडून झालं, नाचणी मळून झाली की उफणायला आईला बोलावणं यायचं. उंच तिपाईवर उभी राहून ती सूप डोक्याच्या वर धरायची आणि हलकेच तिरकं करायची. दाणा पायाशी, कोंडा दहा हात लांब. वारं पडलं की ती सूप तसंच धरून थांबायची, आणि पुन्हा कधी सुटणार ते खालच्या बायकांना आधीच सांगायची. मग दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, विजेचा पंखा आणला. बटण दाबलं की वारं. त्यानंतर आईला वाऱ्याचं कुणी काही विचारलं नाही.

म्हणून दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात एक तरुण साहेब पाठीला पिशवी लावून आमच्या दारात आला आणि “आजी, इकडं सगळ्यात चांगला वारा कुठं लागतो?” म्हणाला, तेव्हा आई हातातलं निवडणं टाकून उठली.

मी तेव्हा माहेरी होते. मला दिलंय किकवीला, हायवेच्या कडेला. तिथं घराच्या पुढच्या दारातून पेट्रोल पंप दिसतो आणि मागच्या दारातून जाहिरातीच्या पाट्या. माहेरच्या घराचं दार मात्र डोंगराकडं आहे. समोर डोंगराची लांबलचक धार, धारेच्या मधोमध खिंड, आणि खिंडीतून मागं तोरण्याची माची. लहानपणी त्यात विशेष काही वाटलं नाही. सासरी आल्यावर कळलं की सकाळी दार उघडल्यावर समोर काय असावं याची मला सवय लागून गेलीय.

साहेब सभ्य होता. पाणी प्याला, तांब्या स्वतः उचलून आत ठेवला. कसल्याशा कंपनीकडून वाऱ्याचा अभ्यास करतोय म्हणाला. अभ्यास म्हटल्यावर आमच्या घरात कुणी पुढं काही विचारत नाही. आईनं कोंड्याची एक पुरचुंडी पदरात बांधली आणि सत्तरी ओलांडलेली बाई त्याच्या पुढं तासभर चढ चढली. मागं मी धापा टाकत. आमची नाचणीची जमीन वर धारेलगत होती, त्यामुळं जुनं खळंही वर खिंडीतच. तिथं पोचल्यावर तिनं साहेबाला एका जागी उभं केलं, मग चार पावलं डावीकडं सरकवलं. म्हणाली, तिकडं नुसतं भवंडतं, हितं सरळ येतं. मूठभर कोंडा सोडला. तो दोरी ताणावी तसा एका रेषेत गेला. साहेबानं मोबाईलवर सगळं टिपून घेतलं. मीही फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, आमची वाऱ्याची डॉक्टरीण. पंधरा जणांनी अंगठे पाठवले. उतरताना आई मला म्हणाली की शिकलेल्या माणसाला एवढं साधं ठाऊक नसतं, पण इचारायची लाज न्हाई त्याला, हे बरं.

होळीच्या सुमारास बरोबर त्या जागी एक उंच खांब उभा राहिला. चारी बाजूंनी तारांनी ताणलेला, वर गरगर फिरणाऱ्या छोट्या वाट्या. वारा मोजायला, असं सांगण्यात आलं. वर्षभर तो मोजत राहिला. मग बातमी आली की वारा चांगला आहे, धारेवर पवनचक्क्या लागणार, पहिली खिंडीत.

मला राग लवकर येतो, हे माझ्या सासरचे कुणीही सांगतील. पण त्या वेळचा राग निराळा होता, कारण निम्मा माझ्यावरच होता. आई जागा दाखवत होती तेव्हा फोटो काढून मिरवणारी मीच. त्याच्या आदल्याच महिन्यात मी साताऱ्याकडं एका लग्नाला गेले होते. तिथल्या पठारावर चक्क्या आहेत. खोटं कशाला बोलू, लांबून पहिल्यांदा मला त्या आवडल्या. पांढऱ्या, संथ, दिमाखदार. जेवणं होईपर्यंत मात्र ध्यानात आलं की मी डोंगराकडं बघतच नाहीये. नजर जाते ती फिरणाऱ्या पात्यावर, आणि तिथंच अडकते. एवढा मोठा डोंगर, पण तो नुसता चक्की उभी करायचा चौथरा होऊन बसलेला. परतताना गाडीत मला सारखी आमची खिंड आणि तिथला तो खांब दिसत होता.

माहेरी गेले तर आई पुढच्या ओट्यावर नव्हती. मागच्या पडवीत भिंतीकडं तोंड करून लसूण सोलत बसली होती. वहिनीनं हळूच सांगितलं की बरेच दिवस झाले, त्या पुढं बसतच नाहीत. वाडीत बायका थट्टेनं म्हणत होत्या, तुमीच दावली की जागा, आता साहेबाकडनं लुगडं घ्या. थट्टाच ती, पण आईच्या जिव्हारी लागली होती. मी जवळ बसले तेव्हा तिनं एवढंच विचारलं, की ती चक्की खिंडीपेक्षा उंच असते का. मी म्हणाले, कितीतरी. ती पुन्हा लसूण सोलायला लागली.

रात्रीच्या जेवणाला दादाशी माझं वाजलं. दादा ग्रामपंचायतीत सदस्य, आणि ठरावाच्या बाजूचा. धारेवरची जागा गायरानाची, त्यामुळं ग्रामसभेचा ना हरकत ठराव लागणार होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. चक्क्या वर न्यायच्या तर कंपनीला रस्ता करावा लागणार, आणि तो आमच्या घरावरून जाणार. आज दादा रोज पहाटे दुधाची दोन कॅनं खांद्यावरच्या काठीला लावून अर्धा तास पाऊलवाटेनं उतरतो, तेव्हा कुठं टेम्पो गाठतो. मागच्या पावसाळ्यात तो त्या वाटेवर घसरला, तेव्हापासून त्याचा उजवा गुडघा पुरता वाकत नाही. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी म्हणाले की रस्त्यापायी समोरचा सगळा देखावा घालवणार का.

तो शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं की चुकलं. आमच्याकडं देखावा म्हणजे गणपतीत मंडळं करतात तो, नाहीतर वरवरचं सोंग. दादा जेवता जेवता थांबला.

“देखावा तुला. तू दिवाळीला येतीस आन् मे म्हयन्यात. तुज्या दोन येळच्या बगण्यासाठी आमी बारा म्हयनं कॅनं वाह्यची?”

उत्तर नसलं की माझा आवाज चढतो, तसा चढला. मी म्हणाले की मी माझ्यासाठी बोलत नाही, आईसाठी बोलतेय, तिला विचार. दादानं आईकडं पाहिलं नाही. आईनंही मान वर केली नाही. वहिनीनं कुणाला न विचारता भात वाढला.

पुढच्या पंधरा दिवसांत मी दोनदा किकवीहून एसटीनं वर गेले. सासूबाई म्हणाल्या, एवढं काय पेटलंय डोंगराला? मी हरकतीचा अर्ज लिहिला. त्यात निसर्गसौंदर्यास बाधा वगैरे भारी शब्द घातले, कारण साधे शब्द लिहायला बसलं की माझाच मुद्दा मला लहान वाटायला लागायचा. समोरचा डोंगर आहे तसा दिसावा, हे अर्जात लिहायचं तरी कसं? एक-दोघांकडं सह्या मागितल्या. त्यांनी चहा पाजला, सही दिली नाही. शेवटी मी आईला म्हणाले, तू सभेला चल. दुसऱ्या कुणाचं नाही, पण तुझं ऐकतील, जागा तूच दाखवलीस. ती नको म्हणाली. दोन दिवस मी तिच्या मागं लागले. तिसऱ्या दिवशी तिनं धुतलेलं पातळ काढलं.

ग्रामसभा सकाळी शाळेच्या खोलीत भरली. पुढं सरपंचबाई, ग्रामसेवक आणि सदस्य, त्यात दादा. खाली सतरंजीवर गडी एका बाजूला, बाया एका बाजूला. मी आईशेजारी. माझा अर्ज ग्रामसेवकानं वाचून दाखवला. सौंदर्यास बाधा म्हटल्यावर मागून कुणीतरी खुसखुसलं. मग ठराव वाचला. रस्ता, रोजगार, गावाचा विकास. वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, या कामास कुणाची हरकत आहे का.

आमच्या भागात हरकत हा शब्द न्हाईशिवाय कुणी वापरतच नाही. च्या घेनार? हरकत न्हाई. पोरीला बगायला पावनं आनू? हरकत न्हाई. सगळ्यांच्या जिभेला ते इतकं सरावलेलं, की त्यानं विचारल्याबरोबर निम्म्या सभेनं, काय विचारलंय हे नीट ऐकायच्या आतच, एका सुरात म्हटलं, हरकत न्हाई. ग्रामसेवकानं लिहायला पेन टेकवलं. मी पाहत राहिले. एवढ्या पंधरा दिवसांचं सगळं त्या एका सवयीत संपणार होतं.

मी हात वर केला आणि माझी हरकत आहे, असं मोठ्यानं म्हणाले. ग्रामसेवकानं पुढ्यातली यादी चाळली. त्याला बिचाऱ्याला वाईटच वाटत असावं, आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, तुमचं नाव हितल्या यादीत न्हाई. तुमचं मत किकवीला. हात खाली घ्या.”

लग्नानंतर नाव तिकडं गेलं होतं. मीच फॉर्म भरला होता. इतक्या वर्षांत त्याचा कधी विचारही केला नव्हता. हात खाली घेताना माझे कान तापले. आणि मग सगळी सभा आईकडं बघायला लागली.

आईचे दोन्ही हात मांडीवर होते. ती दादाकडं बघत होती. दादा खाली, स्वतःच्या गुडघ्याकडं. त्या क्षणी मला एकदम भीती वाटली आणि वाटलं की तिनं हात वर करू नये. पंधरा दिवस ज्यासाठी तिच्या मागं लागले, तेच नको झालं. मी तिच्या पदराला हात लावला. तिनं पदर सोडवून घेतला आणि उभी राहिली.

“वारं म्या दावलं,” ती म्हणाली. “त्यानं वारं इचारलं म्हून दावलं. चक्की लावू का, आसं कुनी इचारलं न्हाई. आता इचारताय, तर माजी हरकत हाय.”

न्हाई न लावलेला तो शब्द मी आमच्या वाडीत पहिल्यांदा ऐकला. सरपंचबाई पाणी प्याल्या. ग्रामसेवकानं सभेला हात वर करायला सांगितलं. विरोधात आईचा एक आणि तिच्याच वयाच्या एका म्हाताऱ्याचा एक, तोही बहुधा तिची कीव येऊन. मग बाजूनं किती ते विचारलं. हात वर जायला लागले. सगळ्यात शेवटी दादाचा गेला. वर करून त्यानं तो लगेच खाली घेतला, पण मोजणाऱ्यानं मोजला होता. ठराव मंजूर झाला. एक विरोध तर सदस्याच्याच घरातला, असं कुणीतरी म्हणालं, आणि त्यावर कुणी हसलं नाही.

दादा आमच्यासाठी थांबला नाही. पाय ओढत तो पुढं निघून गेला. आम्ही दोघी मागून चाललो. मी बडबडत होते. वर तहसीलला जाऊ, भोरला वकिलाला विचारू, एवढ्यात काही संपत नाही. खरं तर मला आनंद झाला होता. हरलो तरी आई सगळ्यांसमोर उभी राहिली, याचा मला इतका अभिमान वाटत होता की तिच्या तोंडाकडं बघायचं राहूनच गेलं.

ओढ्यापाशी ती दगडावर टेकली. मी पाणी दिलं, ते तिनं बाजूला ठेवलं.

“तू पावनेपाचच्या गाडीनं जाशील,” ती म्हणाली. “मला हितंच ऱ्हाऊन तुज्या दादाच्या चुलीवरचं खायाचंय.”

मी म्हणाले की मी दोन दिवस राहते, दादाशी बोलते, सगळं नीट करते. तिनं मान हलवली. दोन दिसानं काय हुतंय, म्हणाली. रागानं नाही, हिशेब सांगावा तसं. मग उठली आणि घराच्या वाटेला लागली.

दादा गोठ्यात होता. वहिनीनं मला चहा दिला, पण माझ्याकडं पाहिलं नाही. आईनं हातपाय धुतले आणि चुलीजवळ, दादा जेवायला बसतो त्या पाटापासून लांब, भिंतीला टेकून बसली. मी पिशवी भरताना वाट बघत होते की ती म्हणेल, ऱ्हा आजच्या दिस. ती म्हणाली नाही. घरी मुलाची परीक्षा होती, सासूबाईंचा दोनदा फोन येऊन गेला होता, आणि सगळ्यात खरं म्हणजे मला त्या घरात संध्याकाळ काढायची हिंमत नव्हती. मी वाट उतरून खाली आले. पावणेपाचची गाडी वेळेवर आली. मी चढले.