खोबरेल लावलेले हातमोजे

आमच्या घरात थंडी फक्त आईला माहीत होती, आणि तिला त्याबद्दल कुणी विचारलं नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, मद्रासच्या दक्षिणेला कधी रामेश्वर आणि उत्तरेला फार तर तिरुपती यापलीकडे गेलेले नव्हते. अप्पांची थोरली बहीण, आमची अत्या, तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडे राहायला आली होती, आणि तिने तंजावर सोडल्यावर पाहिलेलं एकमेव गाव म्हणजे मद्रासमधलं आमचं अड्यार. हातमोजे कसले घ्यायचे हे मात्र या दोघांनी ठरवलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजात एक डोंगर चढणाऱ्यांचा क्लब होता. मद्रासमध्ये डोंगर कुठले? आम्ही मुली सेंट थॉमस माउंटच्या पायऱ्या चढायचो आणि रविवारी चेंगलपट्टूकडचे खडक. तरीही हिमालयात बर्फातल्या हिवाळी शिबिरासाठी त्या वर्षी आमच्या क्लबातून माझी निवड झाली. महिनाभराचं शिबिर, शेवटी श्रेणी मिळणार. पहिली श्रेणी मिळवली तर पुढच्या, वरच्या शिबिराला प्रवेश, आणि तेही नीट पार पडलं तर तिथेच शिकवायला ठेवून घेत. मला ते हवं होतं. इतकं दुसरं काही मला त्याआधी आणि त्यानंतर हवंसं वाटलेलं नाही.

अप्पा केंद्र सरकारच्या कचेरीत अधिकारी होते आणि घरातही प्रत्येक गोष्टीला अट घालूनच मंजुरी देत. मला म्हणाले, "पहिली श्रेणी आणलीस तर पुढे जा, दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही. नाही आणलीस तर तै महिन्यात जे लोक बघायला येतील त्यांच्यासमोर मुकाट्याने बसायचं." तै म्हणजे पोंगलनंतरचा महिना, तिकडचा लग्नाचा हंगाम. मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, सौदा माझ्या फायद्याचा आहे. पाय माझे, दम माझा, मग श्रेणी कोण अडवणार?

शिबिरवाल्यांनी कळवलं होतं की बाकी सगळं सामान तिथे मिळेल, हातमोजे मात्र आपापले आणा. ऊबदार पाहिजेत, पाणी आत जाता कामा नये, आणि आत बोटं हलतील इतके सैल असावेत. मद्रासमध्ये हातमोजे शोधणं म्हणजे वाळवंटात छत्री शोधणं. आधी अप्पा आणि मी एग्मोरला एका दुकानात गेलो. तिथे उटीला जाणाऱ्या नवविवाहितांसाठी लोकरीचे कपडे मिळत. तिथले हातमोजे लालभडक, विणीतून पलीकडचं दिसेल असे. पाण्यात बुडवले तर ओल्या मांजरासारखे लोंबले असते. मग एका रबरी सामानाच्या दुकानात गेलो. ते मोजे प्रयोगशाळेतल्या आम्लासाठी होते. दुकानातच पाच मिनिटं घातले तर आत घामाचं तळं.

मग बर्मा बझार. तिथे सिंगापूरहून जहाजातून आलेला माल उघड्यावर विकायला असे, आणि अख्ख्या मद्रासला ते माहीत होतं. एका गाळ्यावर मला पाहिजे तेच दिसलं. नारिंगी रंगाचे, जाडजूड, आत कापूस भरलेले, वरून प्लास्टिकसारखं कापड. घातल्यावर हात अस्वलासारखा दिसायचा, पण आत बोटं मोकळी फिरत होती. मी ते काढायलाच तयार नव्हते.

अप्पांनी ते माझ्या हातातून ओढून काढले. "सरकारी माणसाच्या घरात चोरटा माल? आणि हे काय ढबोळं ध्यान! यात दोरी धरणार कशी तू?"

ज्या माणसाने आयुष्यात चपातीची कणीक मळली नाही, त्याला माझ्या बोटांची काळजी! आणि चोरट्या मालाचं म्हणाल, तर त्यांचं दाढीचं जपानी यंत्र याच बाजारातलं होतं. बोलून उपयोग नव्हता. बाजारात बाप नेहमी खरा असतो.

शेवटी पेरियमेटला, चामड्याच्या वखारींच्या गल्लीत, त्यांना मनासारखे मिळाले. परदेशी जाणारा माल, कुठेतरी रंगात खोट निघाली म्हणून मागे राहिलेला. तपकिरी चामडं, आत फ्लॅनेलचं अस्तर, हातावर अगदी चपखल. मी म्हटलं, सैल पाहिजेत. अप्पा म्हणाले, "चामडं घालून घालून सैल होतं." दुकानदाराने मान डोलवली. त्याला काय, तो गिऱ्हाइकाच्या प्रत्येक वाक्यावर डोलवत होता.

घरी आल्यावर मोजे बादलीत बुडवून पाहिले. शिवणीतून पाणी आत आलं. इथे अत्या पुढे सरसावली. आमचं घराणं तंजावरचं, पिढ्यान् पिढ्या तिकडेच राहिलेलं, आणि अत्याचं मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं, मध्ये मध्ये तमिळची फोडणी दिलेलं. ती लांबूनच म्हणाली, "अय्यो, येवढेंच नव्हें? खोबरेल कोमट करून चोळा गे. अप्पाच्या वहाणा पावसांत कशानें टिकल्या? चामडें तेल प्यालें की पाणी पीत नाही."

खोटं नव्हतं ते. आमच्याकडे पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि त्या दिवसांत चामड्याच्या प्रत्येक वस्तूवर हिरवी बुरशी धरायची. खोबरेल चोळलं की बुरशी नाही आणि पाणीही ओघळून जाई. मद्रासमध्ये तो उपाय शंभर टक्के बरोबर होता.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आई वाईची. लग्न मद्रासलाच लागलं, त्याला बावीस वर्षं झाली होती आणि अजून ती घरात 'तिकडची'च होती. तिच्या बोलण्याची नक्कल करणं ही आमच्याकडची करमणूक होती. ती म्हणाली, "वन्सं, खोबरेल नको. थंडीत गोठतं ते. आमच्याकडे दिवाळीत अभ्यंगाच्या आधी बाटली उन्हात ठेवायची, तेव्हा कुठे तेल बाहेर यायचं. तिथे तर बर्फ आहे. मोजे लाकडासारखे होतील."

अत्या हसली. "मार्गळीच्या थंडींत आमच्याकडेही जरा पांढरें पडतें. हातावर घेतलें की वितळतें. ही हात आंत घालणार, हातांच्या उबेनें तेल पातळच राहील की."

"वन्सं, तिथे हाताला ऊबच राहत नाही."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. त्या वेळी अप्पा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "तुझ्या वाईत म्हणजे काय हिमालय आहे का?" आणि हसले. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे जिला कळत होतं तिचं काहीच जळत नव्हतं, जळणार होतं माझं.

तरी आईने एकदा आणखी प्रयत्न केला. त्याच वर्षी आमच्याकडे फ्रिज आला होता. ती म्हणाली, "वाटलं तर तेल लावून रात्रभर वरच्या बर्फाच्या खणात ठेवून बघू. सकाळी आपोआप कळेल."

मला लगेच पटलं. इतकी साधी गोष्ट होती. पण अत्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं की संपलं. त्या फ्रिजमध्ये तिच्या मडीचं, म्हणजे सोवळ्याचं, दही विरजलेलं असे. देवाच्या नैवेद्याचं दूध असे. आमच्या घरात चामड्याची पर्ससुद्धा दाराबाहेरच्या खिळ्यावर लटकायची.

"चामडें? दह्याजवळ?" एवढंच ती म्हणाली, आणि उठून आत गेली. त्या रात्री तिने जेवण घेतलं नाही. उपाशी बहीण बघून अप्पा आईवर असे उखडले की जणू तिने फ्रिजमध्ये मेलेलं जनावर ठेवलं होतं. वरच्या मजल्यावरच्यांच्या फ्रिजचा विचारही माझ्या मनात आला, पण ते अय्यंगार, आमच्याहून कडक सोवळ्याचे. तिथे तर आम्हालाच उंबऱ्याच्या आत घेत नसत.

मग तेल चोळायचं कुणी? अत्या चामड्याला शिवणार नाही. अप्पा असली कामं करणार नाहीत. माझी परीक्षा. म्हणजे आईच. मागच्या अंगणात बसून, गोठणार हे पक्कं माहीत असलेलं तेल, तिने बोटाबोटाने त्या मोज्यांत जिरवलं, शिवणीत भरलं, उन्हात वाळवलं, पुन्हा चोळलं. अत्या खिडकीतून सांगत होती, अजून लाव, अंगठ्यापाशी लाव. दुसऱ्या दिवशी बादलीत हात घातला तर आत थेंबभर पाणी नाही. अप्पांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. मला त्या वेळीही आनंद झाला नाही, पण गाडी दोन दिवसांवर होती आणि दुसरे मोजे नव्हते.

बर्फात पहिल्या सकाळी मी मोजे घालायला घेतले आणि ते वाकेनात. रात्री तंबूत ठेवले होते तसेच, बोटं पसरून, कुणीतरी "थांब" म्हणावं तसे ताठ. शिवणींवर पांढरे चट्टे. कसाबसा हात आत कोंबला तर मूठ मिटेना. आधीच चपखल होते, त्यात आता अस्तरसुद्धा मेणासारखं झालेलं. बर्फात कुऱ्हाड मारायला मूठ लागते, दोरीची गाठ मारायला बोटं लागतात. मी मोजे काढून गाठी मारायचे, मग पुन्हा घालायचे. पाणी मात्र खरंच आत येत नव्हतं. अत्याचं तेवढं खरं होतं.

शिकवणाऱ्यांनी मोजा हातात घेतला, वास घेतला, आणि म्हणाले, "हे काय, डोक्याला लावायचं तेल?" सगळे हसले. मी शेगडीपाशी मोजे धरले. तेल वितळलं, फ्लॅनेलमध्ये उतरलं, आणि तंबूबाहेर पडल्यावर पुन्हा गोठलं. आता हाताला सरळ गोठलेल्या तेलाचाच थर. पंजाबातल्या एका मुलीने तिचे जास्तीचे मोजे एक दिवस दिले. त्या दिवशी मी सगळ्यांच्या पुढे होते. दुसऱ्या दिवशी तिचे पहिले ओले झाले आणि तिने परत मागितले. तिचं काय चुकलं?

दुसऱ्या आठवड्यात माझ्या चार बोटांची टोकं आधी पांढरी, मग काळसर झाली आणि फोड आले. डॉक्टरांनी वर जायला मनाई केली. शेवटची चढाई, जिच्यावर श्रेणी ठरायची, ती मी खालच्या छावणीत दुसऱ्यांचे डबे भरत काढली. कागदावर 'शिबिरात हजर होती' इतकंच आलं. पाय माझे होते, दम माझा होता. श्रेणी अडवली खोबरेलाने.

घरी आल्यावर अप्पांनी कागद पाहिला, घडी घातली, म्हणाले, "ठरल्याप्रमाणे." बोटांकडे पाहून अत्या हळहळली, अगदी मनापासून, आणि मग आईकडे वळून म्हणाली, "कोमट करून लाव म्हणत्यें होत्यें. हिनें थंडच चोळलें असेल." उत्तर मी दिलं, मोठ्याने दिलं, तर अप्पा म्हणाले, हिमालयात जाऊन हेच शिकलीस का.

तै महिन्यात लोक आले. मूळचे पुण्याचे, मुलगा मद्रासला बँकेत. मी कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर आले, तेव्हा अजून बोटांची सालं निघत होती. मुलाच्या आईचं लक्ष गेलं. अप्पांनी ताबडतोब सगळी हकिकत सांगायला घेतली. हिमालय, बर्फ, आमची मुलगी कशी धाडसी. जणू त्यांनीच मला खांद्यावर बसवून नेलं होतं. आणि मोज्यांपाशी आल्यावर हसत हसत म्हणाले, "अहो, मी घरात घसा फोडून सांगत होतो, खोबरेल थंडीत गोठतं, लावू नका. पण बायकांपुढे कोणाचं चालतं!"

पाहुणे खो खो हसले. मला वाटलं, माझ्या कानात काहीतरी बिघडलंय. मी आईकडे पाहिलं. मुलाची आईही तिच्याकडेच वळली होती, "काय हो, आपल्याकडची माणसं तुम्ही, तुम्हालाही नाही आठवलं?"

आईने पदर सारखा केला. "नाही आठवलं खरं. ह्यांनी सांगितलं होतं. आम्हीच ऐकलं नाही."

मी ट्रे घेऊन आत गेले. अप्पांचा राग मला येऊन येऊन जुना झाला होता. त्यांच्याकडून मी याहून बऱ्याची अपेक्षा धरलेली नव्हती. आईचा राग मात्र असा आला की ट्रे मी ओट्यावर आदळला. थोड्या वेळाने ती जास्तीचं दूध घ्यायला आत आली, तेव्हा मी तिला विचारलं, असं का बोललीस?

ती दूध ओतत म्हणाली, "मग काय नवऱ्याला सगळ्यांदेखत खोटं पाडू? मुलीची आई उलट बोलते म्हणून मोडलं असतं ना लग्न."

"मोडलं असतं तर मला हवंच होतं. तुला माहीत आहे ते."

तिला माहीत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं, आणि दाराकडे पाहून म्हणाली, "हळू बोल. पाहुणे अजून बाहेर बसलेत."