एदेल्मिराने लावलेला हिरवा तवा

एदेल्मिरा मान्सिया ही आमच्या शाळेची दारवान. ती मला कधीच आवडली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून तिच्या गुणगानाची वाट बघत बसायला नको.

पुंता आरेनास या जगाच्या पार दक्षिण टोकाच्या गावात, चढावर आमची वस्ती आहे. शाळेच्या फाटकाशी एक खांब होता. आज ऊन किती घातक आहे ते रोज सकाळी रेडिओवर सांगायचे आणि त्याप्रमाणे एदेल्मिरा खांबावर लाकडी चकती लटकवायची, हिरवी, पिवळी नाहीतर लाल. आम्ही त्यांना तवे म्हणायचो. सप्टेंबरपासून आमच्या डोक्यावरचा ओझोनचा थर विरत जातो, मग लाल तव्याचे दिवस सुरू व्हायचे.

तवा लटकवून गप्प बसली असती तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण या बाईचं तोंड म्हणजे तोबा. "पोराची टोपी कुठाय? सख्खी आई ना तू याची?" असं ती मला भर रस्त्यात विचारायची. एकदा माझ्या घरात शिरली, केसांवर मारायचा फवारा उचलला आणि म्हणाली, "यातला वायू वर जाऊन तो थर खातो. तुझ्या केसांच्या फुग्यासाठी पोरांची कातडी जाळायची का?" फवारा एप्रनच्या खिशात घालून चालती झाली. आजतागायत परत दिलेला नाही.

तिचा नवरा बेलार्मिनो मेंढ्यांच्या कुरणांना तारेची कुंपणं घालायचा. जन्मभर उघड्यावर काम. त्याच्या कानावर एक जखम झाली, ती काही भरेना. आधी कान गेला, मग बेलार्मिनो गेला. आमच्याकडे ऊन चटका देत नाही, म्हणून ते लागतंय असं कुणाला वाटतच नाही. वारा पडला आणि सूर्य दिसला की आम्ही स्वेटर काढतो, भिंतीला पाठ लावून तोंड वर करून बसतो. बेलार्मिनोही बसायचा. नवरा पुरून आल्यावर एदेल्मिराने ते तवे स्वतः रंगवले आणि अख्ख्या वस्तीशी वैर धरलं.

माझं वैर वेगळ्या कारणाने होतं. शाळेसमोर माझं लॉज आहे. पेंग्विन बघायला आलेले पाहुणे सकाळी दार उघडायचे तर समोर लाल तवा. एक जोडपं तर नाश्ता अर्धा टाकून बॅगा उचलून गेलं.

ऑक्टोबरात शाळेचं संचलन असतं. त्याच्या आदल्या दिवशी पालकांची सभा भरली, तेव्हा मी उभी राहिले.

"ते तवे काढून टाक," मी म्हटलं. "माझी गिऱ्हाइकं पळतात."

"तुझी गिऱ्हाइकं पळू शकतात गं," एदेल्मिरा म्हणाली. "पोरांनी कुठे पळायचं?"

निदिया ओयार्सो मासे विकते. तिचा आवाज बंदरापर्यंत जातो. "आभाळाला भोक पडलंय ना? मग शिडी घे आणि ठिगळ लाव जा. आमच्या डोक्याला का ताप?"

सगळे हसले. एदेल्मिरा म्हणाली, "हसा. बेलार्मिनोही हसायचा."

"तुझा नवरा गेला त्याला आम्ही काय करायचं?" निदिया म्हणाली. "एखाद्या दिवशी हिरवा लावलास तर हात झडेल का तुझा?"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. एदेल्मिराने शाल गुंडाळली आणि एक शब्द न बोलता निघून गेली. तिला असं गप्प मी पहिल्यांदाच बघितलं आणि मला बरं वाटलं.

सकाळी खांबावर हिरवा तवा होता.

आता जे सांगते ते आमच्या वस्तीतली एकही बाई कबूल करणार नाही. रोज सकाळी किटली चढवली की मी आधी पडदा सरकवून तो तवा बघायचे. लाल असला की माझ्या येर्कोच्या नाकाकानाला मलम फासायचे, टोपी चढवायचे आणि मग दारात उभी राहून एदेल्मिराला नावं ठेवायचे. निदियाचंही तेच. रेडिओ कुणी लावत नव्हतं, समोर तवा असताना लावायचा कशाला? त्या दिवशी हिरवा बघून मला सभेतलं बोलणं आठवलंही नाही. भांडणात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. येर्कोचे केस पाणी लावून नीट बसवले आणि त्याला उघड्या डोक्याने पाठवलं.

हवा छान गार होती. पोरं सकाळभर मैदानात उभी. बँड झाला, भाषणं झाली, हेडमास्तरांचं तर संपता संपेना. एदेल्मिरा फाटकाशी स्टुलावर बसली होती, मैदानाकडे पाठ करून.

संध्याकाळपर्यंत येर्कोचे कान सुजले होते. ओठांवर फोड आले होते आणि उशीला गाल टेकवता येत नव्हता. मी रेडिओ लावला. आज दिवसभर लाल होता, असं सांगत होते. मी तशीच बाहेर पडले, तर निदिया तिच्या तशाच भाजलेल्या पोरीला काखेत घेऊन आधीच रस्त्यात. मागून आणखी बायका आल्या. एदेल्मिराचं दार आम्ही जवळजवळ तोडलंच.

"हिरवा का लावलास?" मी विचारलं.

"तुम्हीच मागितलात." तिची नजर निदियाच्या पोरीवर गेली आणि तिथेच अडकली. "रागाने लावला. म्हटलं, बघतंय कोण त्याच्याकडे."

"आम्ही बघतो," निदिया किंचाळली. "रोज बघतो. तुझ्यावर भरवसा ठेवला होता आम्ही, कैदाशिणी."

एदेल्मिरा उंबऱ्यात बसली. हे एवढं ऐकण्यासाठी या बाईने फाटकाशी इतकी वर्षं घसा फोडला होता, आणि मिळालं ते असं, शिवीसकट. ती पोरीच्या गालाला हात लावायला गेली तर निदियाने पोर मागे ओढली. मग एदेल्मिरा रडायला लागली. आम्ही कुणीही तिला गप्प केलं नाही.